माझ्यावरचा विनोदी सिनेमा

माझ्या मुलाने माझ्यावर सिनेमा काढला, आणि तोही विनोदी. मी मेल्यावर काढला असता तर एक वेळ चाललं असतं. पण मी धडधाकट आहे, नोकरीत आहे, निवृत्तीला अजून चौदा महिने आहेत, आणि रोज सकाळी त्याच्यासमोर बसून चहा पितो. त्याच टेबलावर हा पोरगा दोन वर्षं माझ्याकडे बघत वहीत काहीतरी खरडायचा. मला वाटायचं, वडिलांवरची माया उतू चालली आहे. तो माल गोळा करत होता.

सिनेमाचं नाव ‘बाबा, जपून!’. गोष्ट एका ओळीची: एक भित्रा बाप शेवटी शूर होतो. मला तो पहिल्यांदा दाखवला एका लहानशा खोलीत, भर दुपारी. बारा खुर्च्या. मी, बायको, मुलगा आणि त्याचे ते दाढीवाले सोबती. मला मधली खुर्ची दिली. मला वाटलं मान म्हणून. नंतर लक्षात आलं, माझा चेहरा सगळ्यांना नीट दिसावा म्हणून.

पहिल्या पाच मिनिटांत पडद्यावर एक माणूस घराबाहेर पडतो, जिना उतरतो, परत चढून गॅसचं बटण बघतो, उतरतो, पुन्हा चढतो. हा मी. लिफ्टमध्ये तीन माणसं असली तर ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणतो आणि सहा मजले जिन्याने चढून धापा टाकत पोचतो. हाही मी. रस्त्यात टायर फुटतो तेव्हा तो दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीखाली शिरतो. हे मी कधी केलेलं नाही, पण वेळ आली असती तर केलं असतं. सिनेमाला गेला की दाराजवळची कडेची खुर्ची हट्टाने धरून बसतो, आणि कुणी विचारलं तर म्हणतो, ‘पाय मोकळे राहतात.’ इथे आमची ही इतकी हसली की तिने माझ्या मांडीवर थाप मारली. “अहो, हे तर अगदी तुम्हीच!”

तो नट बोलण्याआधी दोनदा घसा साफ करायचा आणि चष्मा मधल्या बोटाने वर सारायचा. मी त्याला ओळखलं. मुलाचा मित्र म्हणून तो आमच्याकडे दोनदा जेवून गेला होता, आणि मी त्याला आग्रह करकरून वाढलं होतं.

मग आला कुत्र्याचा प्रसंग. मुलगा सात वर्षांचा असताना मी त्याला शाळेतून आणत होतो. एका फाटकातून दांडगं कुत्रं भुंकत बाहेर आलं. पुढचं मला आठवतं ते एवढंच, की मी शेजारच्या भिंतीवर होतो आणि मुलगा खाली होता. त्याचा हात मी कधी सोडला, ते मला आजही सांगता येत नाही. कुत्र्याने त्याला हुंगलं, त्याचा हात चाटला आणि ते निघून गेलं. घरी येईपर्यंत आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. त्यानंतर बावीस वर्षं मी असं धरून चाललो होतो की पोरगा ते विसरला.

विसरला कसला! सगळं जसंच्या तसं पडद्यावर होतं. वर भिंतीवर बाप, खाली पोर, आणि बाप वरून ओरडतोय, ‘बाळा, जपून!’ खोली हशाने फुटली. मुलाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी हसलो. त्या दुपारचं सर्वांत वाईट काय असेल, तर ते हे. मीही हसलो.

मध्यंतर झालं तसा मी बाथरूमला जातो म्हणून उठलो आणि परत गेलोच नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. बाप शूर होतो तो सगळा भाग दुसऱ्या अर्ध्यात होता, म्हणून मी तो पाहिला नाही. खोटं बघायला मी कशाला बसू? आतून हशा यायचा तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिथेच मी ठरवलं की याचं उट्टं काढायचं. बाप असलो म्हणून काय झालं, मला राग येऊ नये असं कुठे लिहिलंय?

आता सूड घ्यायचा म्हणजे माणूस तसा लागतो. मी आधी अबोला धरला. पण आमच्या घरात मी बोलत नाही हे कुणाच्या लक्षात यायलाच चार दिवस लागले. पाचव्या दिवशी बायकोने विचारलं, “घसा बसलाय का? गरम पाणी देऊ?” मग मी एका वर्तमानपत्राला निनावी पत्र लिहिलं, की हा सिनेमा फार भिकार आहे. ते टाकायला टपालपेटीपर्यंत गेलो, तिथे मनात आलं की अक्षर ओळखू येईल, आणि फाडून खिशात घालून आणलं. शेवटी मी त्याचा एक बूट लपवला. पोरगा कामाला निघाला होता, शोधू लागला, आणि त्याच्याबरोबर मीही अर्धा तास पलंगाखाली वाकून वाकून शोधला. कंबर धरली ती माझीच.

असा मी दात-ओठ खात दिवस ढकलत होतो, तेवढ्यात एका मंगळवारी ऑफिसात माझ्या टेबलावर एक फाइल येऊन पडली.

मी काम काय करतो ते सांगायचं राहिलं. जिथे गर्दी जमते अशा जागा तपासायचं आमचं खातं आहे. थिएटरं, सभागृहं, मोठी दुकानं. आग लागली तर विझवायला काय आहे, अंधार झाला तर दिवे लागतात का, पळायची वेळ आली तर दारं उघडतात का, हे बघायचं. आमचा दाखला नसेल तर मालकाला एकही माणूस आत घेता येत नाही. म्हणजे बाकीचे लोक फुकट घाबरतात, मला घाबरायचा पगार मिळतो. तरी या नोकरीचा सिनेमात उल्लेख नाही. सिनेमातला बाप पोस्टात आहे.

फाइल होती शहरातल्या सर्वांत मोठ्या जुन्या थिएटरची. सहाशे चाळीस खुर्च्या. दाखला बुधवारी संपत होता. आणि त्याच थिएटरात शुक्रवारी संध्याकाळी ‘बाबा, जपून!’चा पहिला खेळ होता. निमंत्रणं गेली होती, मोठमोठी माणसं येणार होती. तपासणी अधिकारी म्हणून खाली माझं नाव. मी आजूबाजूला बघून घेतलं आणि फायलीत तोंड घालून मनसोक्त हसलो.

माझा बेत साधा होता. एखादं आग विझवायचं नळकांडं जुनं निघालं, एखादा दिवा लागला नाही, की बस्स. ‘दुरुस्ती करून आठवड्याने या’ असं लिहायचं. शुक्रवारचा खेळ बोंबलला. दाढीवाले सैरावैरा धावणार. आणि पोरगा माझ्यासमोर येऊन ‘बाबा, काहीतरी करा ना’ म्हणणार. तेव्हा मी दोनदा घसा साफ करणार होतो. याची मी आरशासमोर तयारीसुद्धा केली.

बुधवारी सकाळी टॉर्च आणि टेप घेऊन गेलो. त्या थिएटरच्या तपासणीची एक रीत पडून गेली होती. मी जायचो, मॅनेजर आपल्या खोलीत बसवायचा, चहा यायचा, बिस्किटं यायची. फॉर्म त्याने आधीच भरून ठेवलेला असायचा, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीची फुली असायची. बिस्किटं संपेपर्यंत तपासणी संपायची.

मॅनेजर मला बघून खुर्चीतून उठलाच. गोल, हसरा, घामट माणूस. “या, या! अहो, तुमच्याच चिरंजीवांचा सिनेमा! पोस्टर लागलं तेव्हा आमचा दारावरचा माणूस काय म्हणाला माहितीय? म्हणाला, हे तर आपले चहावाले साहेब!” आणि तो टेबलावर हात आपटून हसला.

चहावाले साहेब! म्हणजे इथे हे नाव पडलं होतं तर. माझी कानशिलं तापली.

“आज चहा नको,” मी म्हणालो. “आज हॉल बघायचाय.”

“बघायचाय म्हणजे?” त्याला खरंच कळलं नाही.

मी टॉर्च लावली आणि निघालो. तो मागून धावत आला. आणि नशीब बघा, सगळी नळकांडी कोरी करकरीत! मोठी माणसं येणार म्हणून या शहाण्याने नुकतीच बदलून घेतली होती. पायऱ्यांवरचे दिवे लागत होते. वाळूच्या बादल्यांत वाळू होती. खुर्च्यांच्या रांगांमधलं अंतर टेप लावून मोजलं, ते नियमापेक्षा बोटभर जास्तच भरलं. एकेक गोष्ट चोख निघत होती आणि माझ्या सुडाचं वाटोळं होत होतं. मी पडद्याच्या मागे गेलो, बाल्कनीत गेलो, बायकांच्या बाथरूममध्ये आवाज देऊन आत डोकावलो. काही नाही.

राहता राहिला डावीकडच्या बोळातला मागचा दरवाजा. तिथे मी अकरा वर्षं पाऊल टाकलं नव्हतं, आणि का टाकलं नव्हतं हे मला चांगलं माहीत होतं.

ते आता सांगतोच. अकरा वर्षांपूर्वी हे थिएटर पहिल्यांदा माझ्याकडे आलं, तेव्हा मी नीट तपासलं होतं. त्या दाराला साखळी होती, दोन वेढे आणि कुलूप. सहाशे चाळीस माणसांसाठी बाहेर पडायला दोन दारं, आणि त्यातलं एक साखळदंडात. विचारलं तर कळलं, पोरं आतून दार उघडून मित्रांना फुकटात घेतात म्हणून लावलीय. मी ऑफिसात येऊन मोठ्या साहेबांना सांगितलं. त्यांनी कागदावरून डोळे वर केले नाहीत. “तुम्हाला फार भीती वाटते हो,” ते म्हणाले. “सही करा.” मी केली. पुढच्या वर्षी मी त्या बोळात गेलोच नाही. बघितलं नाही म्हणजे माहीत नाही. ती चहाची रीत मॅनेजरने पाडलेली नाही, मीच पाडली. पहिल्यांदा “जरा चहा मागवा, बसूनच बघू” असं म्हणालो तो मी.

आणि मुलाला ते थिएटर फार आवडायचं, तिथला पडदा मोठा म्हणून. दर वाढदिवसाला आम्ही तिघं तिथेच जायचो. नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मग मी मोठ्या दाराजवळची कडेची खुर्ची धरायचो आणि ही दोघं आत बसायची. ‘पाय मोकळे राहतात.’ पोराने त्याचा विनोद केला होता. त्याला त्यातलं अर्धंच ठाऊक होतं.

तर मी बोळात वळलो. आणि समोर मीच उभा. पुठ्ठ्याचा, पुरुषभर उंच, दोन्ही हात वर, डोळे बटाट्याएवढे, तोंड वासलेलं. त्याच्या मागे आणखी एक मी. त्याच्या मागे आणखी. जाहिरातीचे सगळे पुठ्ठे शुक्रवारपर्यंत कुठे ठेवायचे म्हणून त्या बोळात कोंबले होते. मी एकेकाला काखेत धरून बाहेर काढू लागलो. “राहू द्या हो, कान मोडतील त्यांचे,” मॅनेजर मागून कळवळला. चौदा पुठ्ठे निघाले. मग दार दिसलं. साखळी तीच, दोन वेढे. कुलूप गंजून लालभडक झालेलं.

“किल्ली?”

“ती... आधीच्या मॅनेजरकडे असेल,” तो म्हणाला.

मी साखळी ओढून पाहिली. इथे मला लाज वाटली, असं सांगितलं तर बरं दिसेल. पण खरं सांगायचं तर आधी आनंद झाला. सापडलं! आता बघतो कसा लागतो तुझा सिनेमा. लाज नंतर आली, हाताला लागलेला गंज रुमालाला पुसताना.

मॅनेजरच्या खोलीत येऊन मी कोरा फॉर्म मागितला. ‘दोष’ या रकान्यात साखळीचं लिहिलं. त्याखालचा रकाना होता: ‘हा दोष कधीपासून आहे?’ आमच्या खात्यात सगळं या एका ओळीवर असतं. ‘नवीन’ लिहिलं तर मालक तिथल्या तिथे दुरुस्ती करतो आणि संध्याकाळी दाखला घेऊन जातो. ‘जुना’ लिहिलं तर थिएटरला सील लागतं आणि चौकशी बसते. आणि चौकशीत मागच्या प्रत्येक वर्षी सही कुणाची, हे बाहेर निघतं.

मॅनेजरने तोपर्यंत मोठ्या साहेबांना फोन लावला होता. त्याने तो माझ्या कानाला जवळजवळ चिकटवला.

“अहो, काय हे?” साहेब म्हणाले. आवाज गोड. “नवीन आहे म्हणून लिहा आणि मोकळे व्हा. तो आत्ता साखळी तोडून घेईल. शुक्रवारी खेळ होईल. तुमच्याच पोराचं भलं आहे यात.”

 त्यांचं सगळं बरोबर होतं. ‘नवीन’ लिहिलं की साखळी तुटते, दार उघडतं, कुणाचं काही जात नाही. फक्त शुक्रवारी संध्याकाळी सहाशे चाळीस माणसं मला हसणार. ‘जुना’ लिहिलं तर हसणं थांबतं, पण माझी नोकरी जाते, चौदा महिने उरलेले असताना जाते, आणि नावाला काळं लागतं ते वेगळंच.  मी पेन टेकवलं. ‘न’ काढायच्या बेतात होतो, शपथेवर सांगतो.

तेवढ्यात साहेब फोनवर हसले. “त्या सिनेमात म्हणे तुम्ही शेवटी शूर होता. तिथेच व्हा. इथे नको.”

मी फोन टेबलावर पालथा घातला आणि लिहिलं: ‘अकरा वर्षांपासून. मला माहीत होते. मोठ्या साहेबांनाही माहीत होते.’ खाली सही केली. पेन्सिलीची फुली नव्हती, म्हणून सही जरा तिरकी गेली. मॅनेजरने वाचलं आणि तो मटकन खाली बसला. मग मी मोठ्या दाराला सील लावलं. ते लावताना पुठ्ठ्याचे चौदा मी बाहेर भिंतीला टेकून हात वर करून बघत होते.

त्याला शौर्य-बिर्य म्हणू नका. मला इतकी खुन्नस चढली होती की दुसरं काही सुचत नव्हतं. साहेबांवरची, मॅनेजरवरची, चहावाल्या साहेबांवरची, आणि सगळ्यांत जास्त पोरावरची. मी शीळ घालत घरी आलो. मला शीळ नीट येत नाही, पण घातली.

संध्याकाळी मुलगा आला. त्याला सगळं कळलं होतं. तो बूट न काढताच स्वयंपाकघरात आला. बायको भांडी विसळत होती.

“बाबा, तुम्ही हे मुद्दाम केलंत.”

“हो,” मी म्हणालो. घसा साफ करायचं विसरलो.

“सूड घेतलात माझा.”

“घेतला! जगासमोर माझी टर उडवलीस. त्या नटाला माझ्या ताटात जेवू घातलंस. कुत्र्याचंसुद्धा सोडलं नाहीस. मला काय वाटेल याचा एकदा तरी विचार केलास?”

“तुम्ही दुसरा भाग पाहिलात?”

“नाही. आणि पाहणारही नाही.”

 तो खुर्ची ओढून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “कुत्र्याचं मी केव्हाच सोडून दिलं होतं, बाबा. म्हणून तर लिहिता आलं. राग असता तर त्यावर विनोद सुचला असता का?”

 सूड घेऊन आल्यावर असं काही ऐकावं लागेल, याची मी आरशासमोर तयारी केली नव्हती.

“ते जाऊ दे,” तो म्हणाला. “तो मॅनेजर सांगतोय, साखळी याच महिन्यात लावली. तुम्ही मला अडकवायला अकरा वर्षं लिहिलंत. मी त्याला म्हटलं, माझे बाबा रागावले असतील, पण कागदावर खोटं लिहिणार नाहीत. मग म्हटलं, म्हणजे काय? म्हणजे त्यांना अकरा वर्षं...” तो थांबला. “याच महिन्यातली आहे ना?”

पोराने मला एवढी मोठी वाट काढून दिली होती. हो म्हणालो असतो तर मी नुसता रागीट बाप ठरलो असतो. राग तो समजू शकत होता.

“अकरा वर्षं,” मी म्हणालो.

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आपण जायचो तिथे.”

“हो.”

“आईला घेऊन जायचो.”

बायकोच्या हातातलं भांडं तसंच राहिलं होतं. नळ वाहत होता. इतकी वर्षं पाण्याचा थेंब वाया गेला तर ओरडणारी बाई, पण तिने तो बंद केला नाही. मग मीच उठून बंद केला. “मी कडेला बसायचो ते—” मी सुरुवात केली.

“कळलं,” मुलगा म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. भिंतीखालून वर पाहिलं होतं ना, तेव्हासुद्धा त्याची नजर अशी नव्हती. तेव्हा तो फक्त घाबरला होता. “कळलं, बाबा. पुढचं सांगू नका.”

त्यानंतर जे झालं ते ऐकून तुम्हाला हसू येईल. फॉर्मवरची माझी ती ओळ चौकशीच्या फायलीत बंद झाली, आणि वर्तमानपत्रात माझा फोटो आला. ‘मुलाचीही भीड न ठेवणारा निर्भय अधिकारी’. शेजारी हात मिळवायला आले. मला निलंबित केलं, पण मोठ्या साहेबांनाही केलं, आणि त्यांना ऑफिसच्या जिन्यावरून आपल्या सामानाचं खोकं घेऊन उतरताना मी डोळे भरून पाहिलं. तो आनंद मी कुणाला देणार नाही. मॅनेजरची नोकरी गेली. साखळी कापून दाराला नवी कडी बसली. दाढीवाल्यांची तर चंगळ झाली. सिनेमात ज्याला हसायचं तो बाप एकदम खराखुरा शूर निघाला, यापेक्षा चांगली जाहिरात कुठे मिळणार? त्यांनी दुसरं थिएटर धरलं आणि दोन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, पहिला खेळ ठेवला. मला स्टेजवर बोलावणार होते. मुलगा त्यांना एवढंच म्हणाला, “त्यांना बोलवू नका.” का, ते त्याने सांगितलं नाही. माझी लाज त्याने बाहेर कुठेच फोडली नाही, आणि घरातही पुन्हा तो विषय काढला नाही. सकाळी चहाला समोर बसायचा. वही आणायचा नाही.

ते मला सोसेना. मी वाट बघायचो की हा काहीतरी खरडेल. मी मुद्दाम दोनदा घसा साफ करायचो, दारापर्यंत जाऊन गॅस बघायला परत यायचो. तो मान वर करायचा नाही.

रविवारी आम्ही तिघं गेलो. थिएटर खच्चून भरलं होतं. मी स्वतःहून रांगेच्या मधोमध बसलो. दिवे गेल्यावर लोक पहिल्याच मिनिटाला हसू लागले, आणि मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. गॅसला हसलो, लिफ्टला हसलो, भिंतीवरच्या बापाला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मुलाला कोपराने ढोसलं. “काय लिहिलंयस रे! अगदी मीच!” तो नुसता “हं” म्हणाला. पलीकडे बायको मांडीवर पर्स धरून बसली होती. मागच्या वेळी ज्या ज्या जागी ती हसली होती, त्या सगळ्या जागा नुसत्या निघून गेल्या.

मध्यंतरानंतर मी पहिल्यांदा दुसरा भाग पाहिला. मला वाटलं होतं मारामारी असेल. तसं काही नव्हतं. मुलगा खेळता खेळता पाण्याच्या उंच टाकीवर चढून बसतो, त्याला उतरता येत नाही. खाली गर्दी जमते. बाप येतो. शिडीला हात लावतो, काढतो, पुन्हा लावतो. लोक हसतात. मग तो चढायला लागतो. पाय लटपटत असतात, तसाच चढतो. अर्ध्यावर चष्मा पडतो, त्याला दिसत नाही, म्हणून चाचपडत एकेक पायरी वर जातो. हळूहळू थिएटरातलं हसणं थांबलं. बाप वर पोचतो. पोर त्याच्या गळ्यात पडतं आणि म्हणतं, ‘मला माहीत होतं, माझे बाबा येणार.’

सगळं थिएटर उभं राहिलं. टाळ्यांचा पाऊस पडला. मीही उभा राहिलो आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवू लागलो. खाली पाहिलं तर मुलगा बसूनच होता. हात गुडघ्यांवर.

“अरे, वाजव ना,” मी म्हणालो. “तुझाच सिनेमा आहे. टाळ्या वाजव ना रे.”

तो पडद्याकडे बघत होता. “हे मी आधी लिहिलं होतं, बाबा,” तो म्हणाला.